मळ नव्हताच तो

सोनू,

फोनवर बोलायला गेले की रडू येतं म्हणून टाइप करतेय. काल नौपाड्यात डॉक्टरबाईंना तू पाठवलेले पीसीओएसचे, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी लांबते त्या त्रासाचे, रिपोर्ट दाखवले आणि मी सहज तुझ्या मानेचं विचारलं, तर म्हणाल्या तो मळ नाहीच. अंगात इन्शुलिन नीट लागू पडत नाही म्हणून शरीर जास्त बनवत राहतं, त्याने मान, काख काळी पडते, कातडी जाड होते. तेच इन्शुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं, मग पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात. सगळं एकाच दोरीला बांधलेलं गं.

आणि मी काय केलं? दहावीच्या गॅदरिंगच्या आदल्या दिवशी तुला बाथरूममध्ये स्टुलावर बसवून डाळीचं पीठ आणि लिंबू लावून मान घासली, लाल होईपर्यंत. तू म्हणालीस आई आग होतेय, मी म्हटलं जरा सोस. ते काही केल्या डोळ्यासमोरून जात नाही. सॉरी बाळा.

जाडीवरून बोलले तेही चुकलंच, बारीक मुलींनाही पीसीओएस होतो. वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के उतरलं तरी फरक पडतो म्हणे, पण म्हणून तुझ्या ताटातली बटाट्याची भाजी मी सगळ्यांसमोर उचलायला नको होती. मावशी हळदीकुंकवाला म्हणाली लग्न झालं की पाळी आपोआप सुरळीत होते, तेव्हाही मी गप्प बसले. आता नाही बसणार.

माझीही पाळी दोन-दोन महिने यायची नाही, आजी म्हणायची बरंय, सणवार बिनघोर होतात. कोणी डॉक्टरकडे नेलंच नाही. हे घराण्यात असू शकतं म्हणे. शंभरात आठ ते तेरा बायकांना असतं आणि बहुतेकींना माहीतच नसतं.

पीसीओएसच्या नावातल्या त्या सिस्ट म्हणजे गाठी नाहीत हां, पूर्ण न वाढलेल्या अंड्यांच्या छोट्या पिशव्या असतात, रात्री दोनला गूगल करून घाबरू नकोस. पण तीन महिने पाळी आली नाही तर लपवू नको, गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होत राहतं, ते चांगलं नाही.

इन्शुलिन नीट लागू पडावं म्हणून दिलेली मेटफॉर्मिनची गोळी जेवणासोबतच घे, नाहीतर मळमळतं. शनिवारी सोनोग्राफीला मी येते, पाणी भरपूर पिऊन यायचंय, बाटली मी घेईन. आत नको म्हणालीस तर बाहेर बाकावर बसेन.

आई