प्रयोगशाळेतल्या काकांना, मुलांच्या बक्षिसांनिमित्त

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

यंदाची विज्ञान प्रदर्शनं संपली. आपल्या शनिवारच्या मुलांचे दोन प्रकल्प जिल्हास्तरावर गेले, एका गटाची बाल विज्ञान परिषदेसाठी निवड झाली आणि सहावीतली एक मुलगी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची प्रात्यक्षिक फेरी पार करून पुढे गेली. शाळांनी मुलांचं कौतुक केलं, फलकावर नावं लागली. तुमचं नाव कुठल्याच फलकावर नाही, आणि तुम्ही ते लावूही देणार नाही. म्हणून हे पत्र. ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तुम्ही मुलांकडून काम कसं करून घेता हे पुण्यातल्या इतर शाळांनाही कळावं असं आम्हाला मनापासून वाटतं.

पहिले आभार तुम्ही जे केलं नाही त्यासाठी. निवृत्त प्रयोगशाळा सहायक असूनही तुम्ही दर शनिवारी दुपारी येता, हातात पक्कड असते, पण मुलांच्या मॉडेलला तुम्ही स्वतः एकही तार जोडत नाही. जोडणी चुकली तर ‘मल्टिमीटर लाव आणि सांग कुठपर्यंत व्होल्टेज येतंय’ एवढंच म्हणता. घरून तयार होऊन आलेलं चकचकीत मॉडेल आणि मुलांनी स्वतः केलेलं मॉडेल यांतला फरक परीक्षकांना दोन प्रश्नांत कळतो. ‘हा रेझिस्टर इथे कशाला?’ असं विचारल्यावर मूल आईबाबांकडे बघू लागलं, की तिथेच सगळं संपतं. तुमच्या मुलांनी कुणाकडे पाहिलं नाही.

कुंडीला आपोआप पाणी देणारं यंत्र जवळपास प्रत्येक प्रदर्शनात असतं. साहित्य इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतं: अर्डुइनो उनो (प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड), मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर, रिले मॉड्यूल (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच), पाच व्होल्टचा छोटा पंप, जंपर वायरी. जोडणीचं चित्रही सहज सापडतं. म्हणूनच हा प्रकल्प घेऊ नये असं अनेक शिक्षकांचं मत असतं. तुम्ही दोन मुलींना तोच घेऊ दिला आणि तो कुठे कुठे बिघडतो ते शोधायला सांगितलं. त्या शोधातून जे निघालं तोच त्यांचा खरा प्रकल्प ठरला.

पहिला बिघाड सेन्सरचा. दोन दातांचा स्वस्त सेन्सर ओल्या मातीत सतत चालू ठेवला की थोड्याच दिवसांत त्याचे दात काळे पडतात, वरचा थर झिजतो आणि आकडे भरकटतात. ओल्या मातीतून सतत एकाच दिशेनं वीज वाहिल्यानं विद्युत अपघटन होतं, म्हणजे विजेमुळे दातांवरचा धातू विरघळत जातो, ते याचं कारण. त्यावर उपाय असा: सेन्सरला अर्डुइनोच्या पाच व्होल्टच्या पिनवरून कायमची वीज न देता ती प्रोग्रामनं चालू-बंद करता येणाऱ्या एका डिजिटल पिनवरून द्यायची, दर अर्ध्या तासानं क्षणभर पिन चालू करायची, आकडा वाचायचा आणि लगेच बंद करायची. सेन्सर थोडेच मिलिअँपियर ओढतो, तेवढं पिनला झेपतं. पंपाला मात्र पिनवरून वीज द्यायची नाही, हे मुलींनी वहीत लाल शाईनं लिहून ठेवलंय.

दुसरा बिघाड पंपाचा. पंप सुरू झाला की अर्डुइनो मध्येच बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा आणि मुली प्रोग्राममधली चूक शोधत बसायच्या. चूक प्रोग्राममध्ये नव्हतीच. मोटर सुरू होताना एकदम जास्त करंट ओढते, व्होल्टेज खाली येतं आणि बोर्ड रीसेट होतो. पंपासाठी चार पेन्सिल सेलचा वेगळा डबा, त्याची जोडणी रिलेच्या संपर्कातून आणि मोटर बंद होताना येणारा विजेचा उलटा झटका जिरवायला तिच्या दोन टोकांवर एक १एन४००७ डायोड, त्यावरच्या पट्ट्याची बाजू धन टोकाकडे. तेवढ्यानं काम झालं. चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी मोटरसाठी वापरू नका, हे तुम्ही प्रत्येक गटाला सांगता. तिच्यातून मोठा करंट निघत नाही, पंप पाच मिनिटं चालतो आणि परीक्षक टेबलाशी येईपर्यंत गळून जातो.

पण जिल्ह्याला नेलं ते तिसऱ्या गोष्टीनं. तुम्ही विचारलंत, ‘पडद्यावर ४५० दिसतंय. म्हणजे मातीत पाणी किती?’ तो आकडा ओलाव्याचा नसतो, सेन्सरकडून आलेल्या व्होल्टेजचा असतो, आणि त्याला अर्थ आपण द्यायचा असतो. मग मुलींनी माती उन्हात वाळवली, तासाच्या अंतरानं दोनदा वजन सारखं येईपर्यंत. अशी २०० ग्रॅम माती डब्यात घेतली. दर वेळी २० मिलिलिटर पाणी घालून नीट कालवायचं, तेवढ्याच उंचीपर्यंत दाबायचं, दहा मिनिटं थांबायचं, सेन्सर तेवढाच खोल खुपसून तीन आकडे घ्यायचे. माती सैल राहिली तर आत हवा राहते आणि आकडा चुकतो, म्हणून दाबण्याची उंची महत्त्वाची. हेच रोपवाटिकेतल्या लाल मातीवर केलं आणि शेतातल्या काळ्या मातीवरही. दोन्हींचे आलेख वेगळे आले. एकाच आकड्यावर पंप सुरू केला तर एका कुंडीत रोप सुकेल आणि दुसरीत मूळ कुजेल, हे त्यांना आलेखावर बोट ठेवून दाखवता आलं. ‘माती बदलली तर?’ हा प्रश्न परीक्षकांनी विचारला तेव्हा उत्तर टेबलावरच होतं.

बियांच्या प्रकल्पात तुमचा आग्रह संख्येसाठी होता. खारट पाण्याचा मुगाच्या उगवणीवर काय परिणाम होतो हे पाहायला मुलांनी प्रत्येक बशीत पाच दाणे ठेवले होते. पाचांतला एक दाणा मुळातच किडका निघाला तर उगवण थेट २० टक्क्यांनी घसरते आणि दोष मिठाच्या माथी जातो. २० दाणे ठेवले तर एका दाण्याचा फरक ५ टक्क्यांचा. तुम्ही प्रत्येक द्रावणासाठी २० दाण्यांच्या तीन बश्या लावायला सांगितल्या: साधं पाणी, लिटरला ५ ग्रॅम मीठ आणि लिटरला १० ग्रॅम मीठ. साध्या पाण्याच्या बश्या म्हणजे नियंत्रण गट. तो नसेल तर बाकीच्या बश्यांची तुलना कशाशी करायची हा प्रश्न उरतो. ‘उगवला’ म्हणजे काय, हेही आधी ठरवून घेतलं: मोड किमान २ मिलिमीटर बाहेर आलेला. नाहीतर एक जण टरफल फुटलं की मोजतो आणि दुसरा पान दिसल्यावर.

त्यातही दोनदा गडबड झाली. पहिल्या खेपेला बुरशी आली, कारण कागद भिजण्याऐवजी दाणे पाण्यात पोहत होते. दुसऱ्या खेपेला बश्या उघड्या राहिल्या. पाणी उडालं, मीठ मागे राहिलं, आणि ५ ग्रॅमचं द्रावण तिसऱ्या दिवशी ५ ग्रॅमचं राहिलंच नव्हतं. वर पुन्हा खारट पाणी घातल्यानं ते आणखी तीव्र झालं. तुम्ही त्या खेपेचे आकडे फेकू दिले नाहीत. वहीत ते तसेच आहेत, शेजारी कारण लिहिलेलं आहे आणि पुढच्या पानावर झाकलेल्या बश्यांचे नवे आकडे. ती दोन पानं परीक्षक सर्वांत जास्त वेळ पाहत होते.

या वहीबद्दल खरं तर वेगळं पत्र लिहायला हवं. दोनशे पानी साधी वही, पहिल्याच दिवशी सगळ्या पानांना क्रमांक, पेननं लिहायचं, चुकलं तर एकच रेघ मारायची म्हणजे खालचा आकडा वाचता येतो, प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ आणि वाचन कुणी घेतलं त्याचं नाव. फेअर वही करायची नाही. मातीचे डाग पडले तरी तीच वही टेबलावर ठेवायची. तीन वाचनं ४.१, ४.३ आणि ६.८ आली तर ६.८ गुपचूप गाळायचं नाही. पुन्हा दोनदा मोजायचं आणि ६.८ का आलं असेल ते लिहायचं. आम्हाला वाटतं, बक्षिसांपेक्षा मोठी मिळकत ही आहे. या मुलांना नको असलेला आकडाही जपून ठेवायची सवय लागली.

बाल विज्ञान परिषदेच्या गटाला तुम्ही मुठा नदीवर पाठवलंत. १९९३ पासून चालू असलेल्या या परिषदेचा भर परिसरातला प्रश्न घेऊन त्याचा अभ्यास करण्यावर आहे, आणि पुण्यातल्या मुलांना नदीहून जवळचा प्रश्न कोणता? विठ्ठलवाडी, भिडे पूल आणि संगम अशा तीन ठिकाणचं पाणी, सोबत दर वेळी एक मोठं माणूस, दोरीला बांधलेली बादली आणि हातमोजे. गढूळपणा मोजायला पारदर्शक उभी नळी, तळाशी काळी-पांढरी चकती, वरून पाहत चकती दिसेनाशी होईपर्यंत पाणी ओतायचं आणि उंची सेंटिमीटरमध्ये लिहायची. बाटली हलवली नाही तर गाळ तळाशी बसतो आणि घाण पाणी स्वच्छ ठरतं. जोरात हलवली तर बुडबुडे होतात आणि स्वच्छ पाणी घाण ठरतं. म्हणून बाटली दहा वेळा हळूच उलटी-सुलटी करायची, सावलीत उभं राहायचं आणि तिघांच्या डोळ्यांनी तीन वाचनं घ्यायची. पावसाळ्यात खडकवासला धरणातून पाणी सोडलेलं असेल तर ते त्या दिवसाच्या नोंदीत लिहायचं, हेही तुम्हीच सुचवलंत. ते लिहिलं नसतं तर निम्मे आकडे कोड्यात पडले असते.

सहावीतल्या छोट्यांच्या सिरिंजच्या क्रेनलाही तुम्ही तितकाच वेळ दिलात. सलाईनच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला की क्रेनचा हात झटक्यानं हलतो, कारण हवा दाबली जाते आणि पाणी जवळजवळ दाबलं जात नाही. सिरिंज आणि नळी पाण्याच्या बादलीत बुडवूनच जोडायची, एवढाच त्यावरचा उपाय.

सादरीकरणाच्या सरावात तुम्ही पाठ केलेलं भाषण तिसऱ्याच वाक्याला थांबवता आणि मध्येच प्रश्न विचारता. सुरुवातीला मुलं गडबडतात, रडवेलीही होतात. पण प्रदर्शनात परीक्षक नेमकं हेच करतात. दोन मिनिटांत आधी प्रश्न, मग काय मोजलं, मग काय आढळलं. यंत्राचे भाग शेवटी. माहीत नसलेलं विचारलं तर ‘हे आम्ही तपासलेलं नाही’ असं सरळ सांगायचं. या वाक्याला गुण कापले जातात अशी पालकांची भीती असते. ती खोटी आहे हे यंदा दिसलं.

तुमची पत्र्याची पेटीही आठवायलाच हवी. बसच्या धक्क्यांनी ब्रेडबोर्डवरच्या, म्हणजे नुसत्या भोकांत खोचलेल्या, तारा निसटतात, म्हणून प्रदर्शनाच्या आधी सगळी जोडणी झिरो पीसीबीवर (भोकं असलेल्या कोऱ्या सर्किट पट्टीवर) सोल्डर करून घ्यायची. जोड आधी तापवायचा, मग सोल्डरची तार लावायची. जोड निस्तेज आणि खडबडीत दिसला तर तो ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा जोड, पुन्हा करायचा. पेटीत जादा पंप, जादा सेन्सर, नवे सेल, चिकटपट्टी, पाच मीटरचा एक्स्टेंशन बोर्ड आणि हात पुसायला फडकं. पॉवर बँकेवर विसंबायचं नाही, कारण भार कमी असला की अनेक पॉवर बँका आपोआप बंद होतात आणि मुलांना वाटतं सर्किटच गेलं. प्रकल्पाच्या फलकाचं तुम्ही एकाच वाक्यात उरकता: दीड मीटरवरून वाचता आलं पाहिजे.

इन्स्पायर मानक या केंद्र सरकारच्या विद्यार्थ्यांच्या कल्पनांसाठीच्या योजनेत निवड झालेल्या विद्यार्थ्याचे १०,००० रुपये थेट त्याच्या बँक खात्यात येतात. त्यासाठी शाळेच्या नोंदीतलं, आधारवरचं आणि खात्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. प्रत्येक पालकाला समोर बसवून तुम्ही हे तपासून घेतलंत. कल्पना उत्तम असून कागदात अडकलेली मुलं आम्ही पाहिली आहेत. यंदा तसं कुणाचं झालं नाही.

काका, २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदच्या जीएमआरटीतल्या (तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रातल्या) प्रदर्शनात तुम्ही स्वतः आमच्या टेबलापाशी थांबला नाहीत. जुन्नर आणि आंबेगावकडच्या शाळांच्या मुलांशी बोलत फिरलात, त्यांना वहीच्या पानांना क्रमांक घालायला सांगत होतात. आपल्या मुलांनी ते लांबून पाहिलं. नंतर त्यातल्या दोघी उठल्या आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलाचा पंप का थांबतोय ते त्याला विचारू लागल्या. मल्टिमीटर त्यांनी त्याच्या हातात दिला, स्वतः लावला नाही.

तुम्ही मागितलेला ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि तो तपासायला १०० ग्रॅमचं प्रमाणित वजन पालकांनी मिळून घेतलंय. दोन्ही कपाटाच्या दुसऱ्या फळीवर ठेवलीत, किल्ली नेहमीच्या खिळ्याला आहे. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या शनिवारी सातवीची नवी अकरा मुलं येणार आहेत. त्यांच्या वह्या आणून ठेवल्या आहेत, पानांना क्रमांक मात्र घातलेले नाहीत. ते त्यांनीच घालायचेत.

आपले कृतज्ञ,
शनिवारच्या मुलांचे विज्ञान शिक्षक आणि पालक
पुणे