मनू, ब्रेक पाइप बघून घे आधी

मनू,

काल फोनवर म्हणालीस ना, ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते आणि पॅड बदलले तरी तसंच, तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जातच नाहीये. पॅड सगळे बदलतात गं, पण चाकामागे तो काळा रबरी ब्रेक पाइप असतो, लोखंडी लाइनपासून पॅड दाबणाऱ्या कॅलिपरपर्यंत येणारा, त्याच्याकडे कोणी वाकून बघत नाही. आणि डावीकडे ओढते म्हणजे डाव्याच चाकात बिघाड असं नसतं, उजव्याला प्रेशर कमी पोचत असेल तरी तसंच होतं, म्हणून दोन्ही बाजू बघ.

स्टेअरिंग पूर्ण वळव म्हणजे पाइप नीट दिसतो. मोबाईलचा टॉर्च मारून बघ भेगा आहेत का, ओल आहे का, टायरला कुठे घासतोय का, पिळला गेलाय का. मग मैत्रिणीला गाडीत बसवून ब्रेक जोरात दाबायला सांग, पाइप कुठे फुग्यासारखा फुगला तर गाडी तिथेच ठेव, चालवू नकोस. चाक काढलंस तर खाली स्टँड लाव, नुसत्या जॅकवर गाडी असताना हात आत घालायचा नाही.

तू चौथीत असताना कुंभार्ली घाटात चाकातून जळका वास आलेला आठवतो? पाइप बाहेरून नव्यासारखा होता, पण आतून रबर सुजलेलं, त्यामुळे पाय दाबला की ऑइल जायचं आणि पाय उचलला तरी परत यायचं नाही, ब्रेक धरूनच राहायचा. तुम्ही दोघं मागे झोपला होतात. मला अजून घाम फुटतो. म्हणून थोडं चालवून झालं की चारही रिमजवळ नुसता हात ने, लावू नको, एकच चाक जास्त तापलं असेल तर मेकॅनिकला स्पष्ट सांग, पाइप बघा.

बदलायचे तर पुढचे दोन्ही एकदम, तांब्याचे वॉशर नवे, आणि नंतर ब्रेकच्या लाइनमधली एअर काढायलाच हवी. काम करताना कॅलिपर पाइपवर लोंबकळत ठेवू देऊ नकोस, तारेने वर बांधायला सांग, त्या वजनाने पाइप आतून फाटतो. ब्रेक ऑइल कुठल्या प्रकारचं, डॉट ३ की डॉट ४, ते त्याच्याच टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, दोन वर्षं झाली असतील तर त्यातच बदलून घे. रबराला ग्रीस किंवा डिझेल लावून पुसू देऊ नको.

हे होईपर्यंत गाडी घाटात आणायची नाही. शनिवारी एसटीने ये, मी स्टँडवर येतो घ्यायला.

बाबा