ड्रोनचा नकाशा मंजूर करण्याआधी भिंती मोजून घ्या, अध्यक्षांना विनंती

अध्यक्षसाहेब, नमस्कार.

रिडेव्हलपमेंटसाठी केलेल्या ड्रोन सर्व्हेचा नकाशा काल ग्रुपवर आला. फोटो एकदम क्लिअर आलेत, पण प्लीज येत्या मीटिंगमध्ये तो लगेच मंजूर करू नका.

रात्री मी तो फोनवर मोठा करून करून बघितला. आपल्या बी विंगची आउटलाइन पत्र्याच्या कडेवरून काढलीये. वरून ड्रोनला भिंत दिसतच नाही ना, दिसतो तो पत्रा, आणि गच्ची गळते म्हणून टाकलेला आपला पत्रा चारी बाजूंनी दोन फूट बाहेर आलाय. आज सकाळी खाली जाऊन टेप लावला तर भिंत ते भिंत ६० बाय ४० फूट भरलं, नकाशात तेच ६४ बाय ४४ आहे, म्हणजे २४०० च्या जागी २८१६ स्क्वेअर फूट, एका विंगमध्ये ४१६ चा फरक! मागे तर बिल्डिंग कंपाउंडला चिकटल्यासारखी दिसते, आणि तिथून रोज माणूस खांद्यावर सिलेंडर घेऊन जातो. बिल्डर मार्जिनचा, म्हणजे बिल्डिंगभोवती सोडायच्या मोकळ्या जागेचा हिशोब यावरच करणार, नंतर निस्तरायला किती हेलपाटे पडतात ते कन्व्हेयन्सच्या, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून घ्यायच्या वेळी आपण सगळ्यांनी भोगलंय.

सी विंगचा कोपरा गुलमोहराखाली झाकलाय, तिथे अंदाजाने सरळ रेघ ओढलीये, जिन्याचा बाहेर आलेला भाग गायबच. तिथे परत ड्रोन उडवून वरून पानंच दिसणार, टोटल स्टेशन, म्हणजे जमिनीवर उभं करून कोन आणि अंतर मोजायचं यंत्र लावायला सांगा.

ड्रोन नको असं माझं म्हणणं नाहीये. गावठाणातल्या घरांची मोजणी करायला २०२० पासून सरकारची स्वामित्व योजना आहे, त्यात ड्रोन उडायच्या आधी चुन्याने हद्दी आखतात, नंतर नकाशा घेऊन जागेवर पडताळणी करतात. शहरातल्या जागांच्या मोजणीसाठी २०२५ मध्ये सुरू झालेल्या नक्शा प्रकल्पातही हवाई फोटोनंतर फील्ड सर्व्हे आहेच.

तरी परत उडवायचं ठरलं तर परवानगीची कॉपी आधी मागून घ्या, आपण विश्रांतवाडीत, लोहगाव विमानतळ आठ किलोमीटरच्या आत, इथे ग्रीन झोन, म्हणजे परवानगीशिवाय ड्रोन उडवता येतो असा भाग नाही. आणि आदल्या दिवशी नोटीस लावा, मागच्या वेळी माझ्या सासूबाई गॅलरीत केस वाळवत बसल्या होत्या, फार घाबरल्या.

रविवारी सकाळी आठला मी टेप घेऊन गेटपाशी थांबते. प्रत्येक विंगमधून एक जण आणि सर्व्हेवाल्यांचा माणूस आला तर बाराच्या आत चारही विंगा होतील, मापाच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या घेऊन तो नकाशाला जोडूया.

आपली,
बी विंग, पहिला मजला