कंपाउंड म्हणजे तलावाचे कुंपण नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

लोणावळा, कर्जत, अलिबाग भागात शनिवार-रविवारी भाड्याने मिळणाऱ्या अनेक बंगल्यांना स्विमिंग पूल असतो. भोवती उंच कंपाउंड बांधले की मालक निर्धास्त होतात. पण कंपाउंड बाहेरच्यांना अडवते. हॉलच्या सरकत्या काचेच्या दारातून निसटलेले दोन वर्षांचे मूल आतच असते आणि पाण्यात पडल्यावर ते बहुधा ओरडतही नाही.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात यासाठी १९९२ चा स्वतंत्र कायदा आहे. ३० सेंमीहून जास्त खोल पाणी मावणारा घरगुती पूल, अगदी हवा भरून उभा करायचासुद्धा, त्यात येतो. नव्या पुलांना घर आणि पाणी यांच्यामध्येही कुंपण लागते. उंची किमान १२० सेंमी; गजांमधली आणि जमिनीलगतची फट १० सेंमीहून जास्त नको. आडव्या पट्ट्या जवळजवळ लावल्या तर मुलांना आयती शिडी मिळते. कुंपणाला लागून ठेवलेली खुर्ची, कुंडी, पंपाचा बॉक्स यांचेही तेच, म्हणून ९० सेंमीचा पट्टा मोकळा हवा.

खरा घोळ फाटकाचा. ते पाण्याच्या विरुद्ध बाजूला उघडणारे, आपोआप मिटणारे हवे आणि खटका साधारणपणे जमिनीपासून १५० सेंमी उंच हवा. पूर्ण उघडून सोडा, मग खटक्याला नुसते टेकवून सोडा. दोन्ही वेळा हात न लावता खटका बसलाच पाहिजे. समुद्राकाठी स्प्रिंगच्या बिजागऱ्या गंजतात, पावसाळ्यात खांबाची माती खचून फाटक कलते आणि खटका खाचेत बसेनासा होतो. ये-जा सोपी व्हावी म्हणून वीट लावून फाटक उघडे ठेवले, तर सगळा खर्च वाया.

न्यू साउथ वेल्समध्ये २०१६ पासून पूल असलेले घर भाड्याने द्यायचे तर तपासणीचा दाखला लागतो. तो तीन वर्षे चालतो. आपल्या नगरपरिषदा आणि ग्रामपंचायतींनीही भाड्याच्या बंगल्यांकडून असा दाखला मागावा आणि तपासणी दरवर्षी पावसाळा संपल्यावर करावी. तोवर पर्यटकांनी बुकिंगआधी पुलाच्या कुंपणाचा आणि बंद फाटकाचा फोटो मागवावा. मालक टाळाटाळ करत असेल तर लहान मुलांना घेऊन त्या बंगल्यात जाऊ नये.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे