आर्सेनिक पाण्यातले आणि माशातले

महोदय,

पाण्यातल्या आर्सेनिकने मधुमेह होतो, ‘आणि मासळीत तर ते भरपूर’, असा मजकूर सध्या मालवण-वेंगुर्ल्याकडे मोबाइलवर फिरतो आहे. पहिला भाग खोटा नाही. तैवान, बांगलादेशात विहिरींच्या पाण्यात आर्सेनिक फार असलेल्या भागांत मधुमेहही जास्त आढळला. कमी मात्रेबद्दल मात्र सगळे अभ्यास एकच सांगत नाहीत.

माशांचे प्रकरण वेगळे. बांगडा-कोळंबीतले आर्सेनिक बहुतांशी सेंद्रिय, म्हणजे कार्बनशी जोडलेल्या, रूपात असते आणि शरीर ते जवळपास तसेच लघवीवाटे बाहेर टाकते. त्यामुळे रविवारी कालवण ओरपून सोमवारी लघवीतले एकूण आर्सेनिक तपासले, तर आकडा फुगलेलाच येणार! २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, ७८८ अमेरिकी प्रौढांच्या अभ्यासात संशोधकांना हा वाटा हिशेबातून वेगळा काढावा लागला. त्यानंतरच मधुमेहाशी संबंध स्पष्ट दिसला. अमेरिकेत ही गत, तर आपल्या किनाऱ्यावर विचारायलाच नको. अशी तपासणी करायची असेल, तर आधीचे तीन-चार दिवस मासे बंद ठेवावेत. (आमच्याकडे हे सांगणे सोपे नाही, हे मान्य.)

पाण्यातले असेंद्रिय आर्सेनिक खरे घातक. त्याला रंग, वास, चव नाही. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटेल तसे त्याचे प्रमाण वाढते. भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून जंतू मरतात, आर्सेनिक नव्हे. तेव्हा ग्रामपंचायतींनी नव्या बोअरवेलचे पाणी एकदा प्रयोगशाळेत आर्सेनिकसाठी तपासून घ्यावे आणि आलेला आकडा फलकावर लावावा.

— एक वाचक, वेंगुर्ला