मित्रास पत्र: आबांची दारू सुटण्याची वाट न पाहता

खानापूर,
रविवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

आबांनी सुगीचे पैसे पुन्हा दारूत घातले, हे तू पानभर लिहिलेस. वसतिगृहात रात्री घरचा फोन वाजला की छातीत धडधडते, हे मात्र एका ओळीत, तेही कंसात उरकलेस. मला त्या कंसाबद्दलच लिहायचे आहे.

आबांची दारू सुटली की आपण आपोआप बरे होऊ, असे तू धरून चालला आहेस. मला ते पटत नाही. अंगणातल्या पावलांवरून आज किती झाली आहे हे ओळखायला तू लहानपणीच शिकलास. ती सावधगिरी घरात उपयोगाची होती, पण जिथे कोणी दाराला लाथ मारत नाही अशा भूतरामनहट्टीच्या वसतिगृहाच्या आवारातही तुझे शरीर ती सोडायला तयार नाही, आणि म्हणून कोणी आवाज चढवला तरी तुझ्या तळहातांना घाम सुटतो व वाचलेले डोक्यात राहत नाही. अशा घरांतल्या मुलांमध्ये चिंता आणि नैराश्य अधिक आढळते, आणि त्यांना स्वतःला व्यसन लागण्याचा धोकाही जास्त असतो. त्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे निम्मा मानतात. निम्माच, हे ध्यानात ठेव.

शिष्यवृत्तीतून आबांची उधारी फेडतोस, हे वाचून मला राग आला, तुझ्यावर नव्हे, तुझ्या कर्तव्यबुद्धीची वाहवा करणाऱ्या भाऊबंदांवर. व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी १९५१ पासून चालणाऱ्या अल-अनॉनमध्ये सांगतात, की हे व्यसन तुम्ही लावलेले नाही, ते तुमच्याने आवरणार नाही आणि तुमच्याने बरेही होणार नाही. उधारी फेडली की दुकानदार पुन्हा उधार देतो, इतकेच घडते.

आबांना खोलीत कोंडून दारू एकदम तोडण्याचा काकांचा बेत मात्र आजच थांबव. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होऊन जीवावरही बेतू शकते. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे. धारवाडची सरकारी मानसोपचार संस्था, डिमहान्स, आपल्याला फार लांब नाही.

कन्नडमध्ये व्यवहार होतो पण मनातले बोलता येत नाही, ही तुझी अडचण खरी आहे. सीमाभागातल्या आपल्यासारख्यांना ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा २०२२ पासून सुरू आहे. तिच्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावल्यास मराठी निवडता येते. पैसे पडत नाहीत आणि रात्रीही कोणी ना कोणी असते. तिथे आबांची तक्रार सांगत बसू नकोस, आधी स्वतःची झोप, धडधड आणि परीक्षेची भीती सांग. मनात जीव देण्याचा विचार डोकावत असेल, तर तोही आडपडदा न ठेवता सांग, आणि मलाही.

बुधवारी मी बेळगावला बँकेच्या कामासाठी येतो आहे. दुपारी सीबीटीवर, मध्यवर्ती बसस्थानकावर, भेट. एकट्याने फोन लावायला संकोच वाटत असेल, तर तेव्हा मी शेजारी बसेन. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र