तो खड्डाच होता, विजू

दांडिया बाजार, बडोदे
12 जुलै

प्रिय विजू,

वर्षभर पत्र नाही, त्याबद्दल हवं तितकं बोल. आईचा गुडघा बरा आहे, माझी साखर गोळ्यांवर ठीक. आता जे लिहिते ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

माळा आवरताना आपल्या खणतीची डायरी सापडली. चौथा थर, पूर्वेची भिंत, अक्षर माझं. विजू, तो खड्डाच होता. वरच्या थरातून खाली गेलेली त्याची कड सेक्शनच्या, म्हणजे खणलेल्या भिंतीच्या उभ्या छेदाच्या, चित्रात मीच पेन्सिलीनं काढली आहे, आणि तरी त्यातली तांबडी चकाकीदार खापरं चौथ्या थरात नोंदवली आहेत! तू तेव्हा म्हणाली होतीस, "इथली माती भुसभुशीत आहे, बोटानं दाबून बघ." तुला ऊन लागलंय म्हणून मी तुला तंबूत पाठवलं. मग तीन दिवस तू अबोला धरलास, शेव-उसळसुद्धा दुसऱ्या गाडीवर खाल्लीस.

परवा एक विद्यार्थिनी घरी आली होती. त्या खापरांवरून ती चौथा थर इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतला ठरवते आहे. बरोबरच आहे तिचं, थरातली सर्वांत उशिराची वस्तूच थराचा काळ सांगते. पण ती वस्तू त्या थराची नाहीच, नंतर वरून खणलेल्या खड्ड्यातून खाली आलेली आहे. आता पुन्हा खणून बघावं तर टेकाडावर घरं उभी आहेत. आणि आपण खणलेला भाग तर आपणच संपवला.

पुरातत्त्व खात्याचे महासंचालक मार्शल यांच्या काळी मोहेंजोदडोला थर न बघता ठरलेल्या पातळीपासून खोली मोजून वस्तू नोंदवत, त्यावर आपण किती टीका करायचो! 1944 साली व्हीलर त्या खात्याचे महासंचालक झाले आणि तक्षशिलेला त्यांनी पोरांना आधी थर वाचायला शिकवलं. बडोद्यात सुब्बारावांनी 1950 साली पुरातत्त्व विभाग उभा केला, त्याच विभागात आपणही तेच शिकलो. आणि संध्याकाळ व्हायच्या घाईत मी टेप लावून खोली लिहून मोकळी झाले. हडप्प्याच्या विटा लाहोर-मुलतान रेल्वेच्या भरावात गेल्या म्हणून तू डोळ्यांत पाणी आणायचीस. त्या लोकांना आपण काय मोडतोय ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. दोन रात्री झोप नाही.

त्या मुलीला सोमवारी सगळं सांगणार आहे. तिचं एक प्रकरण कोसळेल, पण आत्ता कोसळलेलं बरं. तुझ्याकडे त्या भिंतीचे फोटो होते ना? आणि तुझी वही? तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, पण नोंद खरी असायची. तुझ्या वहीत "खड्डा" लिहिलेलं असेल, तर तिच्या प्रबंधात तुझ्या नावानं जाऊ दे.

अमेयचं लग्न ठरलं का? नव्या घरात पाणी येतं ना नीट? सविस्तर लिही.

फोटो मात्र सोमवारच्या आत पाठव. सकाळच्या उजेडातला, ज्यात मातीचा रंग वेगळा दिसतो तो.

तुझी,
सुमा